महूफाट्याचा थांबा

ढेपेच्या दुकानावरची खोली मोजायला मी शुक्रवारी वर गेले. खोली चौदा फूट बाय अकरा फूट भरली. आमचे हे लग्नापासून ती पंधरा बाय बारा सांगत आलेत. मी दोनदा टेप लावली. चौदा बाय अकराच. पुढच्या महिन्यापासून ती बियाण्यांच्या गोदामाला भाड्याने जाणार आहे आणि करारात माप बरोबर पडलं पाहिजे, म्हणून हा खटाटोप.

मोजून झाल्यावर मी टेपचा खटका दाबला. पट्टी सरसर आत गेली आणि शेवटी 'खट्' असा आवाज झाला. रिकाम्या खोलीत तो दुप्पट मोठा वाटला. पूर्वी या खोलीत छतापर्यंत पोती असत, आवाज पोती पिऊन टाकायची. आता भिंतींनी तो परत दिला. मी हातातली टेप तशीच धरून उभी राहिले, कारण तो आवाज मला दुसऱ्याच एका वस्तूचा वाटला. आप्पांच्या अडकित्त्याचा.

शहाद्यात आमचं हे दुकान सरकी आणि ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं. ढेपेचा वास ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळायचा नाही. थोडा तेलकट, थोडा गोडसर, थोडा ओल्या गोणपाटाचा. बाहेरच्यांना तो जनावरांचा वाटतो. मला मात्र तो कवितेचा वाटतो, कारण शनिवारी संध्याकाळी या खोलीत, या पोत्यांवर, कवी बसत. सहा-सात जण. कोणी अहिराणीतून म्हणे, कोणी मराठीतून, एखादा हिंदीतून. नियम एकच होता आणि तो आप्पांनी घातला होता. चपला आणि कागद जिन्याखाली ठेवून वर यायचं. जे तोंडात आहे तेवढंच म्हणायचं.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. शहाद्याहून म्हसावदवरून घाट चढून धडगावला जाणाऱ्या गाडीवर त्यांची बहुतेक नोकरी गेली. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा ते गाडीच्या दांड्यावर वाजवत आणि त्या ठेक्यावर कविता जुळवत. निवृत्त झाले त्या दिवशी चिमटा आगारात जमा करावा लागला. दुसऱ्या दिवशी ते घरातला अडकित्ता घेऊन खोलीवर आले. सुपारी ते खात नाहीत. "हाऊ मन्हा नवा चिमटा," म्हणाले. तेव्हापासून अडकित्ताच. एकदा 'खट्' म्हणजे गाडी थांबली, 'खट् खट्' म्हणजे डबल बेल, गाडी निघाली.

त्यांची एकच मोठी कविता होती. तिला नाव नव्हतं, आम्ही तिला 'घाट' म्हणत असू. शहाद्यापासून धडगावपर्यंतचा एकेक थांबा म्हणजे एकेक कडवं. सगळे थांबे काही त्यांनी घेतले नव्हते, कवितेत अकरा होते. प्रत्येक कडव्याआधी एक बेल, कडवं संपलं की डबल.

"उतरा म्हसावद, उतरा रे भो,
पोतं कोनं शे, उचला रे भो."

ही म्हसावदची सुरुवात. पुढे मिरचीच्या पोत्यावर बसून शिंकणारा म्हातारा यायचा, आणि खोलीतले सगळे हसायचे, दर शनिवारी त्याच जागी.

मी कवी नाही. मी चहा करायची आणि हुकारा द्यायची. हुकारा म्हणजे ऐकणाऱ्याने ओळ संपताच 'हूं' म्हणायचं. माझं माहेर तापीकाठचं. हिवाळ्यात खळ्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडताना आमचे मोठे काका गोष्ट सांगत. आम्हा पोरांपैकी एकाने हुकारा द्यायचा. हुकारा चुकला की काका तिथल्या तिथे गोष्ट थांबवून शेंगा फोडत बसत. मी चुकत नसे, कारण मी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत असे आणि ओळ कुठे संपणार हे मला आधीच कळे. ती सवय मला अजून आहे. आप्पा चिडवायचे, "वैनी आयकत नहीत, वैनी मोजतीस." मग एक दिवस त्यांनी माझं नावच पाडलं, मुनीमबाई.

रमिला या खोलीत सर्वांत शेवटी आली. धडगावच्या बाजूची, पावरा आदिवासींतली मुलगी, शहाद्याला कॉलेजला होती. ती मराठीतून म्हणायची आणि फार जपून, काचेचं भांडं नेल्यासारखं. म्हणून झालं की लगेच माझ्याकडे बघायची. "ताई, मात्रा बरोबर होत्या का?" बरोबर असायच्या. तक्रार करायला काही जागाच ठेवायची नाही. आप्पांना तेच आवडायचं नाही. "पोर धुयेल कपडासारखी बोलस," ते म्हणायचे. धुतलेल्या कपड्यासारखी.

करोनात सगळं बंद व्हायच्या आधी आम्ही काठी गावच्या होळीला गेलो होतो. ढोल इतक्या जवळ वाजत होते की छातीत वेगळं काही वाजायला जागा उरली नव्हती. मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू, अंगावरचे रंगवलेले पट्टे, धूर. पहाटे होळी पेटली तेव्हा आप्पा माझ्या कानाशी ओरडून काहीतरी म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी सवयीने 'हूं' म्हटलं. ते खूश झाले. काय म्हणाले होते ते मी नंतर कधी विचारलं नाही, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत विचारायला समोरासमोर कोणी राहिलं नाही.

गाव बंद झालं तेव्हा आधी आवाज गेले. एसटी स्टँडवर गाड्या पुकारणारा तो नाकातला आवाज गेला. जिनिंगचा घरघराट गेला. केळीच्या ट्रकांचे हॉर्न गेले. दुपारी रस्त्यावर कुत्रं चाललं तरी त्याच्या नखांचा आवाज माडीवर यायचा. ढेप मात्र विकली जायची, जनावरांना खावंच लागतं. त्यामुळे दुकान काही वेळ उघडं असे आणि आमच्या घराला सॅनिटायझर आणि ढेप असा मिश्र वास होता. वर खोलीला कुलूप.

दुसऱ्या एका शहरातल्या हौशी मंडळाने ऑनलाइन कविसंमेलन ठेवलं. त्यांनी कुठूनतरी आप्पांचं नाव ऐकलं होतं. आप्पांच्या सुनेने फोन डब्याला टेकवून ठेवला, आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला. मी घरून बघत होते. सूत्रसंचालक बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "कुकरच्या शिट्ट्या येत आहेत, कृपया सर्वांनी आपापले माईक बंद ठेवावेत." नंतर त्यांनी स्वतःच सगळ्यांचे बंद केले. त्यांच्या बाजूने ते रीतसरच होतं.

आप्पांनी एक 'खट्' केलं आणि शहाद्याचं कडवं म्हटलं. पहिली ओळ. शांतता. मी घरात मोठ्याने 'हूं' म्हटलं, ते माझ्या देवघरापर्यंत गेलं, आप्पांपर्यंत नाही. दुसरी ओळ. शांतता. पडद्यावर लोक टाळ्यांची चित्रं पाठवत होते. आप्पांचा चष्मा सुनेकडे होता.

"हॅलो?" आप्पा म्हणाले. "आयकू येस का? शेतस का कोनी?" मग जरा खाली आवाजात, स्वतःशी, "गाडी बंद पडनी वाटस." आणि फोन पालथा झाला. आम्हाला नुसता काळोख दिसत राहिला.

त्यानंतर त्यांनी कविता सोडली. मी फोन केला तर म्हणाले, "बंद गाडीमा कोन तिकीट फाडस, वैनी?"

"मी ऐकते ना. मला म्हणा."

"तुम्ही एकल्या."

"एक प्रवासी असला तरी गाडी सुटते की नाही? नोकरीत काय करत होता?"

त्या दिवसापासून संध्याकाळी कणीक तिंबताना मी फोन डब्यांच्या फळीवर ठेवायची, आप्पा म्हणायचे आणि मी हुकारा द्यायची. कणकेत हात, समोर हळदीची बरणी, आणि फोनमधून घाट चढणारी गाडी. मधल्या वेळात आम्ही बोलायचो. इतकी वर्षं त्यांना चहा दिला, पण कविता कशी होते हे मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"माले काय माहीत?" ते म्हणाले. "समोरना माणूसना डोयामाईन येस. मी नुसता पंच करस."

"मग समोर कोणी नसलं तर?"

"तेच तं सांगी ऱ्हायनू."

मी म्हटलं, निदान घाट तरी लिहून ठेवू. तुम्ही म्हणा, मी उतरवून घेते. ते एकदम रागावले. "लिखी लिधं म्हंजे गाडी डेपोमा लागनी. नही पाहिजे."

रमिला गावी गेली होती. तिच्या घरात रेंज नव्हती. मागच्या टेकडीवर एका दगडाशी उभं राहिलं की फोन लागायचा. ती आठवड्यातून एखाद्या वेळी चढायची आणि आधी धाप टाकायची, मग बोलायची. तिच्या फोनमधून वारा यायचा आणि कोंबड्यांचा आवाज. ते महू वेचायचे दिवस होते. मोहाला तिथे महू म्हणतात. सांगायची, पहाटे झाडाखाली फुलं पडलेली असतात, टोपली भरते, हाताला गोड चिकटा बसतो, तो दिवसभर जात नाही.

तिचं आप्पांच्या अगदी उलट झालं होतं. "ताई, मला एवढं कधी सुचलं नव्हतं. महू वेचताना म्हणत असते. आधी मराठीतून म्हणत होते. आई म्हणाली, हे कोणासाठी म्हणतेस? इथं कोण आहे ते ऐकणारं? मी तेच आमच्या पावरी बोलीतून म्हटलं. तर आई हुकारा द्यायला लागली. बाजूच्या झाडाखालची मामी पण."

"मात्रा?" मी विचारलं.

ती हसली. "मोजल्या नाहीत, ताई."

मी हे आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "तिनी तं लॉटरी लागनी. जग बंद नी तिनी गाडी सुरू." आवाजात कौतुक होतं आणि खार पण होता.

साधारण त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की घाटातलं एक कडवं गळतंय. आधी मला वाटलं कुकरच्या नादात माझंच लक्ष गेलं असेल. पुढच्या वेळी मी कणीक बाजूला ठेवून ऐकलं. दहाच डबल बेल झाल्या.

"आप्पा, एक थांबा राहिला."

"कोन्ता?"

"महूफाटा. चौकीच्या थांब्यानंतरचा."

पलीकडे अडकित्ता एकदा वाजला. 'खट्.' मी वाट पाहिली. "तठे आते कोनी चढतच नही ना," ते शेवटी म्हणाले. "कोनी उतरत नही. मंग मी कसाले थांबू?"

मला ते कडवं पुरतं आठवत नव्हतं. मात्रा लक्षात होत्या, चाल लक्षात होती, शब्द नाहीत. मोजणाऱ्याचं हे असं होतं. खोलीतल्या दुसऱ्या कवींना फोन केले. प्रत्येकाला म्हसावदचा म्हातारा पाठ होता, महूफाटा कोणालाच नव्हता. तो हसायचा थांबा नव्हता. त्यानंतर आप्पा रोज चौकीपर्यंत नीट यायचे, तिथे एक 'खट्' करायचे आणि अडकायचे. मग पुढचे थांबेही डळमळू लागले. एके दिवशी त्यांनी चौकीलाच सांगितलं, "बस, वैनी. आठेच ऱ्हाऊ द्या. सगळी उतरी जावा." मला काळजी वाटली ती तेव्हा. कविता त्यांच्याशिवाय कुठेच नव्हती. ती गेली असती तर तिच्यासोबत दुसरं काय गेलं असतं ते मला ठाऊक होतं. माणूस चालतं-बोलतं असतानाच रिकामं झालेलं मी पाहिलंय.

मी रमिलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "महूफाटा तर माझाच थांबा, ताई. आश्रमशाळेतून सुट्टीला यायचे तेव्हा तिथंच उतरायचे."

"तुला कडवं आठवतं?"

"नाही. पण तुम्ही मला त्या फोनमध्ये घ्या."

तिघांचा फोन मी जोडला. रमिला टेकडीवर, आप्पा घरी, मी कणकेशी. ऊन कलत होतं. मी रमिलाला आधीच बजावलं, माईक बंद करायचा नाही, कोंबड्या आल्या तरी चालतील. आप्पांनी तिला पहिल्यांदा टोमणा मारलाच. "काय वं पोरी, आयकं मी, तू तं मोठी कवी व्हई गयी. आमले वयखस का?"

"तुमची गाडी कुठे आहे, आप्पा?"

"मन्ही गाडी बंद शे."

"बंद नाही. पंक्चर आहे."

ते हसले. मग म्हणायला लागले. दोन हुकारे पडत होते, माझा आणि तिचा, तिचा वाऱ्यातून जरा उशिरा येत होता. म्हसावदला आम्ही दोघी हसलो. गाडी घाटाला लागली. चौकी झाली. डबल बेल. मग 'खट्' न करताच आप्पा पुढच्या थांब्याकडे निघाले, अडकायचं नाही म्हणून.

आणि रमिला ओरडली. एवढ्या मोठ्याने की माझ्या फळीवरचा फोन थरथरला. "मास्तर! ओ मास्तर! थांबवा! महूफाटा!" घाटातले लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात.

"आते सांगस का?" आप्पा तिथल्या तिथे खेकसले. कवीच्या नाही, कंडक्टरच्या आवाजात. "फाटा मांगे गया ना! झोपेल व्हती का?"

"माझी पत्र्याची पेटी टपावर आहे, मास्तर!"

"पेटी कोनी चढाई?"

"तुम्हीच!"

'खट्.' अडकित्ता इतक्या जोरात वाजला की मी दचकले. मग टेकडीवरचा वारा तेवढा ऐकू येत होता. आणि मग, अगदी हळू:

"महूफाटा, महूफाटा, पेटी उतारी दे,
पेटी धाकली, पोर धाकली, रस्ता मोठा शे."

हे जुनं कडवं नव्हतं. जुन्याची चाल वेगळी होती, ती मला पाठ होती. माझ्या बोटांनी सवयीने मोजलं आणि मी बोलूनही गेले, "आप्पा, दुसऱ्या ओळीत दोन मात्रा जास्त आहेत."

"रस्ता मोठा शे, वैनी," आप्पा म्हणाले. "दोन मात्रा तठे लागतीसच."

मी 'हूं' म्हटलं. डबल बेल वाजली आणि गाडी धडगावला पोचली.

नंतर मी रमिलाला विचारलं, पेटी खरंच त्यांनी चढवली होती का. ती म्हणाली, "बसमध्ये आम्ही पुष्कळ पोरी असायचो, ताई. सगळ्यांच्या पेट्या सारख्याच. कोणाची तरी चढवलीच असेल." त्या पावसाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिघं असेच फोनवर बसत होतो. आप्पा म्हणायचे, रमिला ऐकायची. रमिला पावरीतून म्हणायची, आप्पा ऐकायचे, अर्थ न कळता हुकारा द्यायचे आणि तो कधी चुकायचा नाही. पुढे खोली उघडली. पोत्यांवर पुन्हा लोक बसले. काही जण आले नाहीत, त्यांच्या जागेवर आम्ही बरेच दिवस कोणी बसलो नाही. नंतर बसलो.

मागच्या थंडीत आप्पांच्या तोंडावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. बोलतात, पण त्यांच्या सुनेलाच कळतं. अडकित्ता घरातल्या कोनाड्यात होता. सून म्हणाली, दिला तर बघतात आणि ठेवून देतात.

खोली जाणार म्हणून काल शनिवारी आम्ही शेवटचे तिथे बसलो. पोती नव्हती, सतरंजी टाकली. आप्पांना खुर्चीसकट दोघांनी जिन्याने वर आणलं. सुनेने अडकित्ता त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, त्यांनी त्याकडे पाहिलं नाही. रमिला आता धडगावला शिक्षिका आहे. ती म्हणाली, "आज घाट म्हणते." कडवी आप्पांची, भाषा त्यांची अहिराणी, फक्त मधून मधून तिची पावरी मिसळलेली. इतका काळ हुकारा देता-देता तिच्या तोंडी बसलं होतं. बेल मात्र कोणी वाजवत नव्हतं. थांब्यापाशी ती नुसती थांबायची, मग पुढे जायची. रिकाम्या खोलीत तिचा आवाज भिंतींवरून परत येत होता. मी हुकारा देत होते.

चौकी झाली. रमिला गप्प झाली. मला वाटलं विसरली. ती आप्पांकडे वळून बघत होती. मग तिने तसंच, बसमधल्या पोरीसारखं, म्हटलं, "मास्तर. थांबवा. महूफाटा."

मी मोजत नव्हते. आप्पांचं तोंड थोडं हललं, त्यातून शब्द आला नाही. त्यांचा डावा हात मांडीवर नुसता पडून होता. तो बाजूला सरकला, अडकित्त्यावर गेला, दोन वेळा निसटला.

खट्.

रमिलाने कडवं म्हटलं. पेटी उतरली, पोर उतरली. दुसऱ्या ओळीतल्या त्या जास्तीच्या दोन मात्रा तिने मुद्दाम लांबवल्या. मग ती थांबली आणि आम्ही सगळे थांबलो. गाडी कंडक्टरच सोडतो.

खट् खट्.